मोटरला चैत्र कळत नाही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि बाभुळवेढ्याचे माजी सरपंच माननीय आबासाहेब, नगरहून कामं बाजूला सारून आलेले प्रमुख पाहुणे शिक्षणाधिकारीसाहेब, व्यासपीठावरचे विद्यालयाचे विश्वस्त आणि माझे जुने सहकारी, ज्यांच्यासाठी हा हारतुऱ्यांचा खटाटोप आहे ते डॉक्टर गोरक्ष गहिनीनाथ दरंदले, उजवीकडे सतरंजीवर बसलेल्या माता-भगिनी, डावीकडचे ग्रामस्थ, आणि खिडक्यांच्या गजांना लटकलेले माझे आजी-माजी विद्यार्थी हो!

लटकलेल्यांनी आधी खाली उतरावं. सूर्यभान मास्तर निवृत्त झाला, त्याचा आवाज निवृत्त झालेला नाही. हां, असं.

अध्यक्षमहाशयांनी माझ्यासमोर ही पितळी घंटी ठेवली आहे. दहा मिनिटं झाली की ती वाजणार, असं मला मघाशी कानात सांगण्यात आलं. आबासाहेब, आपला मान राखून बोलतो. या नेवाशात मी उभ्या आयुष्यात घंटा वाजवल्या आहेत, ऐकल्या फार थोड्या. तेव्हा घंटी वाजली तर मी ती शाळा सुटल्याची समजेन आणि बोलत राहीन.

आधीच्या वक्त्यांनी गोरक्षवर पुष्कळ फुलं उधळली. त्यांतली दोन-चार मला उचलून बाजूला ठेवावी लागतील. एका वक्त्यांनी सांगितलं की गोरक्षनं नवा तारा शोधला. शोधला नाही. तो तारा साहेबलोकांनी चार-पाच वर्षांपूर्वीच हेरला होता. दुसरे म्हणाले की तो आता डॉक्टर झाला. झाला, पण ज्या काकू मघापासून त्याला पाठदुखी सांगताहेत त्यांनी कृपा करून थांबावं. त्याच्या डॉक्टरकीनं ताऱ्याला गुण येतो, माणसाला येत नाही. मग त्यानं केलं तरी काय? ते मला सांगायचं आहे, आणि ते कुणाच्या जिवावर झालं हेही सांगायचं आहे. दुसरी गोष्ट आजवर या तालुक्यात कुणी उघड बोललेलं नाही. व्यासपीठावर बसलेल्या एका थोर व्यक्तीला ती पक्की ठाऊक आहे, आणि ती थोर व्यक्ती आत्ता छताकडे पाहत आहे.

तर तारा. आपल्या वृषभ राशीत एक तारा आहे. एवढासा. आपल्या तालुक्यात सहज मावेल, पण वजनात सूर्याला भारी. आणि तो फिरतो. किती? एका सेकंदात तीस गिरक्या! तुमची पापणी लवते ना, तेवढ्यात त्याच्या चार फेऱ्या होऊन जातात. वर तो नुसता गोळा नाही, तो जबरदस्त लोहचुंबक आहे. आता चुंबक गरगर फिरला की काय होतं? गोरक्षचे वडील कैलासवासी गहिनीनाथ यांचं सायकलचं दुकान आठवा. त्यांनी बसवलेला डायनॅमो तुम्ही सगळ्यांनी वापरला आहे. चाक फिरतं, आतला चुंबक फिरतो, दिवा लागतो. पायडल जोरात मारलं की दिवा लख्ख, सायकल थांबली की अंधार. तसंच तिथं आहे. त्या ताऱ्याच्या गिरकीतून विजेचा असा काही रेटा उभा राहतो की विजेचे कण अंगातून उपटून निघतात, चुंबकाच्या वाकड्या वाटांवरून सुसाट धावतात आणि धावता धावता गॅमा किरण फेकतात. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण सगळ्यांत जहाल. गिरकी आहे म्हणून रेटा आहे, रेटा आहे म्हणून किरण आहेत. गिरकी थांबली की सारा कारभार आटोपला.

आणि फुकट काही नाही बरं का. डायनॅमो टायरला लावला की पायडल जड होतं, हे कुणाच्या पोटऱ्यांना सांगायला नको. तो ताराही किरण फेकून फेकून थकत चालला आहे. रोज किंचित, अगदी किंचित, त्याची गिरकी मंदावते.

आता प्रश्न असा की किरण सतत का दिसत नाहीत, थडाथड ठोके का पडतात? तुम्ही मोहरमच्या मिरवणुकीत बनाटी पाहिली आहे. काठीच्या दोन्ही टोकांना पेटते बोळे, आणि आपले तालमीतले गडी ती अशी फिरवतात की अंगावरचे केस उभे राहावेत. समोर उभं राहिलं की एक टोक डोळ्यांपुढून जातं, मग दुसरं. एका फेरीत दोन झगमगाट. या ताऱ्याचेही एका फेरीत दोन ठोके येतात, एक मोठा, एक धाकटा. बनाटी वाकडी धरली, सरळ धरली, हळू फिरवली की झगमगाट बदलतो. तसं ताऱ्याच्या फिरण्यानं किरणांचं रूप ठरतं. ते दोन ठोके गॅमा किरणांतही उमटतात का, हे पाहणं गोरक्षच्या वाट्याला आलं.

पाहणं म्हणालो, पण पाहायचं कसं? हे किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत. म्हणून हैदराबादहून एक अवाढव्य फुगा सोडतात, त्याला उपकरणांची पेटी टांगतात, आणि हवा जवळजवळ संपते तिथं तिला नेतात. तिथंही ताऱ्याचे किरण मोजकेच, बाकीचा सगळा केरकचरा. मग युक्ती अशी की प्रत्येक किरण कोणत्या क्षणी आला ते फितीवर टिपायचं, आणि नंतर ताऱ्याच्या एका फेरीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा घड्या घालत जायचं. माता-भगिनींना सांगायला नको, नऊवारीची घडी मापात पडली तर काठावर काठ येतो, माप चुकलं की काठ सुटे सुटे. फेरीचं माप बरोबर असेल तर लाखो घड्यांनंतर ठोका ठोक्यावर बसतो. माप केसभर चुकलं तर सगळं सपाट.

एकाहत्तरच्या कार्तिकात गोरक्षचा पहिला फुगा गेला. लवकर उतरला, पण दोन ठोके दिसले. पोरगं हवेत तरंगू लागलं. तेवढ्यात तो जिथं संशोधन करत होता त्या संस्थेतले एक ज्येष्ठ गृहस्थ, फार मोठा माणूस, नाव घेत नाही, शांतपणे म्हणाले, "दरंदले, तुमचा तारा तुमच्याच पेटीत आहे."

म्हणजे काय? पेटीत फीत फिरवणारी एक छोटी मोटर होती. तीही सेकंदाला तीसच्या आसपासच फिरायची! तिची गुणगुण तारांमधून आत शिरली असेल, तर हे ठोके ताऱ्याचे कशावरून? मोटरचेच कशावरून नाहीत? पहिली नोंद इतकी तोकडी होती की छातीठोकपणे काही सांगता येईना. प्रबंध तिथंच अडला. नुसता अडला नाही. संस्थेच्या उपाहारगृहात आमच्या गोरक्षला लोक 'मोटरवाले दरंदले' म्हणू लागले. शिष्यवृत्ती संपत आली होती. सिद्ध झालं नाही तर काम मागे घ्यायचं आणि तोंड लपवून घरी यायचं, अशी पाळी आली.

मी त्याला म्हणालो, अरे, मोटर बदल आणि पुन्हा फुगा सोड. आणि तो काय म्हणाला? म्हणाला, "सर, मोटर बदलली तर पुढचं काम वाचेल, पण मागचं खरं होतं की खोटं हे कधीच कळणार नाही. मी तीच मोटर ठेवणार." हे ऐकून मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अभिमानानं.

त्याचा हिशोब असा होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. कार्तिकात ती त्या ताऱ्याच्या दिशेनं धावत असते, म्हणून ठोके जरा लगबगीनं येतात. चैत्रात ती ताऱ्याकडे पाठ करून पळत असते, म्हणून ठोके रेंगाळत येतात. शिवाय मधल्या दीड वर्षात तारा स्वतःही मंदावलेला. तेव्हा चैत्रात पुन्हा फुगा सोडायचा. ठोके ताऱ्याचे असतील तर ते नेमके तेवढे लांबलेले दिसतील. मोटरचे असतील तर जिथल्या तिथं. मोटरला चैत्र-कार्तिक कळत नाही!

टाळ्या वाजवा, वाजवा. मला कळलं तेव्हा मीही वाजवल्या होत्या, एकटाच होतो तरी.

त्र्याहत्तरच्या चैत्रात फुगा गेला. दुपारी तारा डोक्यावर, फुगा आभाळाच्या माथ्यावर, वारा पश्चिमेचा रस्ता धरून. आणि मध्येच रेडिओवरून येणारी नोंद तुटली. उरली फक्त पेटीतली फीत. ती पेटी हवाई छत्रीला लटकून कुठं उतरली असेल? आपल्याच तालुक्यात! गोरक्ष जीप घेऊन आला, नगरचा पीरमहंमद गाडीवर, आणि रस्ते ठाऊक म्हणून मी सोबत. नेवाशाला घरी थांबलो, तर त्याची आई चांगुणाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन जीपमध्ये चढून बसली. म्हणाली, "पोरगं दोन दिस जेवल्यालं न्हाई. ह्ये खाईस्तोवर मी काय उतरत न्हाई." पोरगं काही खाईना, आणि ती काही उतरेना.

गावोगाव विचारत निघालो. "आभाळातून पेटी पडलेली पाहिलीत का?" "पेटी? न्हाई बा." "एखादं यंत्र?" "यंत्रबिंत्र काय न्हाई आलं हितं." चिंचतळ्यात नाही, बाभुळवेढ्यात नाही. पण लोक डोळ्याला डोळा देत नव्हते. मला वाटलं, छत्रीचं रेशीम आणि ॲल्युमिनियम पाहून कुणाला तरी मोह पडला. दुसरीकडे तसं झाल्याचं गोरक्षनं ऐकलं होतं. मी मनातल्या मनात दोन गावांना यथेच्छ शिव्या दिल्या. त्या आज परत घेतो.

कारण बाभुळवेढ्याच्या फाट्यावर चहा घेताना मागच्या बाकावरचं बोलणं कानी आलं. "औंदाचा गाडा लई थोर हुता. भगवं लुगडं, आन् दोऱ्या तर इचारू नगा." माझ्या हातातली बशी हातातच राहिली. भगवं लुगडं! अहो, हवाई छत्री भगव्या रंगाची होती!

तुम्हाला आठवत असेल, तो दुष्काळाचा उन्हाळा होता. विहिरी आटलेल्या, पाणी गढूळ, आणि पटकीची साथ. चिंचतळ्यात दोन माणसं गेली होती. अशा वेळी साथीच्या देवीचा, मरीआईचा गाडा निघतो. गावानं तो वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा, पुढच्या गावानं आपल्या हद्दीतून पुढच्या शिवेवर. साथ तिच्याबरोबर जाते. आमची पेटी उतरली ती नेमकी चिंचतळ्याच्या शिवेवर! सकाळी लोकांनी पाहिलं. शिवेवर काहीतरी ठेवलेलं, भगवं वस्त्र पांघरलेलं, कुणाचंच नाही. शेजारच्या गावानं गाडा सोडला, दुसरं काय? हळदकुंकू वाहिलं, बैलगाडीत घातलं, हलगी लावली आणि बाभुळवेढ्याच्या शिवेवर पोचवलं. आम्ही विचारत होतो पेटी. त्यांनी पाहिला होता गाडा. ते खोटं बोलत नव्हते. आणि गाडा कोणत्या वाटेनं गेला हे बोलायचं नसतं, बोललं की तो त्याच वाटेनं परत येतो.

बाभुळवेढ्यानं तर कमालच केली. तिथल्या त्या वेळच्या सरपंचांनी गाडा पुढं न्यायला स्वतःचा ट्रॅक्टर दिला. मी नाव घेत नाही. घंटीकडे हात गेलेला मला दिसतो आहे! आबासाहेब, रागावू नका. त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तुम्ही कडबा अंथरला होता, म्हणून पेटीला धक्का लागला नाही. विज्ञानाच्या इतिहासात तुमच्या कडब्याची नोंद व्हायला पाहिजे.

पण पुढची शीव कोणती? पुढं प्रवरा. आणि गाड्याचा शेवटचा मुक्काम नदीत असतो. डोहात सोडतात. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी ओरडलो, "पीरमहंमद, नदी!" त्यानं ती जीप अशी हाणली की माझी टोपी अजून त्या रस्त्यावर आहे.

नदीत सगळी वाळू, पण घाटाखालच्या डोहात पुरुषभर पाणी होतं. काठावर चिंचतळं, बाभुळवेढं आणि घाटावरचं गाव, अशी तीन गावांची माणसं. चार गड्यांनी पेटी उचललेली, हलगी कडाडतेय. गोरक्ष धावत सुटला, "थांबा! ते यंत्र आहे! त्यात माझी फीत आहे!" गडी थांबले. हलगीवाला पुढं आला. त्याचा भाऊ आठवड्यापूर्वी गेलेला. तो म्हणाला, "आसंल तुमचं यंत्र. आमची मानसं गेल्यात. ही आता माघारी शिवंत येत न्हाई."

मी काय केलं? मी व्याख्यान सुरू केलं! हसा. डायनॅमो सांगितला, बनाटी सांगितली. ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांना मी ताऱ्याची गिरकी समजावत होतो. एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाला, "मास्तर, पान्यात सोडायची नसंल तर कुनीतरी तिला घरी न्हेली पायजे. मुक्कामाला. तीन गावांचं दुखनं तिच्यासंगं हाय. न्हेतंय का कुनी?"

"मी नेतो," गोरक्ष म्हणाला.

"तू जाशील हैदराबादला. दार कुनाचं?"

आणि मागून आवाज आला, "माझं."

चांगुणाबाई वाळूतून पुढं आल्या. मंडळी, इथं मला सावकाश बोलू द्या. गोरक्षला ती पेटी होती, मला ती पेटी होती. तिला घरी नेण्यात आम्हाला कसली आली भीती? पण चांगुणाबाईंना ती मरीआईच होती. आजही आहे. आणि या बाईची धाकटी लेक पटकीनंच गेली होती, तिच्या मांडीवर. पटकी म्हणजे काय हे त्या घाटावर कुणाला माहीत नसेल इतकं तिला माहीत होतं. तीन गावांनी जे वाजतगाजत दुसऱ्याच्या दारी लोटलं, ते ती आपल्या दारात मागत होती, आणि खरं मानून मागत होती.

ओटी भरायला जवळ काही नव्हतं. गाठोड्यातली भाकरी तिनं पेटीवर ठेवली, कपाळाचं कुंकू नव्हतं म्हणून दुसऱ्या बाईकडून चिमूट घेऊन वाहिलं, आणि म्हणाली, "चल बये. लई चाललीस. आता माझ्या घरी टेक."

गड्यांनी पेटी जीपमध्ये ठेवली. हलगीवाल्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं, पेटीच्या नाही.

घरी ओसरीवर गोरक्षनं झाकण काढलं. मेणाची मोहर शाबूत. फीत कोरडी. तीन गावं, शेकडो हात, आणि एकानंही पेटी उघडली नव्हती, छत्रीची चिंधी फाडली नव्हती. गाड्यावरचं काही घ्यायचं नसतं ना! कुठला पोलीस बंदोबस्त एवढी राखण करेल?

गोरक्ष फीत घेऊन गेला. चांगुणाबाईंनी मात्र दाराला कडुनिंब बांधला आणि शेजारणींना ओसरीवर येऊ दिलं नाही. पाणी उकळून प्यायल्या, टोचणाऱ्या पथकाकडून टोचूनही घेतलं, आणि वाट पाहत बसल्या. रोज सकाळी मी रस्त्यावरून हाक मारायचो. आतून ओ आली की शाळेत जायचो. साथ ओसरली. त्या घरात कुणाला साधी सर्दी झाली नाही.

आणि तिकडं? गोरक्षनं आधी मोटरच्या मापानं घड्या घातल्या. सपाट! तळहातासारखं सपाट. मग त्यानं ताऱ्याचं माप घेतलं, त्यात दीड वर्षाचं मंदावणं मिळवलं, चैत्रातल्या पृथ्वीचं पाठ फिरवून पळणं मिळवलं, आणि पुन्हा घड्या घातल्या. मंडळी, दोन ठोके! एक मोठा, एक धाकटा, जिथं यायला हवेत तिथं, जितके लांबायला हवेत तितके लांबलेले! पहिल्या फुग्याचेही खरे, दुसऱ्याचेही खरे! ते ज्येष्ठ गृहस्थ कागद घेऊन सबंध दुपार बसले, मग उठले आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "दरंदले, मी चुकलो. तारा आकाशातच आहे." मोठा माणूस म्हणालो ते उगाच नाही. आता कोणी मोटरवाला म्हणून दाखवावं! हा नेवाशाचा पोरगा परवा विमानात बसून परदेशी चालला आहे, तिथल्या लोकांनी त्याला त्याच ठोक्यांसाठी बोलावलं आहे.

निकाल कळला त्या दिवशी मी चांगुणाबाईंकडे पेढे घेऊन गेलो. विचारलं, "बाई, त्या दिवशी भीती नाही वाटली?" म्हणाल्या, "वाटली की. आजूक बी वाटती. पर पोराचं हुतं."

एवढंच. पुढं त्या शेणी थापायला गेल्या.

घंटी वाजली, ऐकली. आवरतो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, शिक्षणाधिकारीसाहेबांनी जांभई दाबून धरली, आपण सर्वांनी माझी लांबण सोसली, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या ट्रॅक्टरला बोल लागला असेल, देवीबद्दल काही उणंअधिक निघालं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घालावं.

भाषण संपलं की वक्त्यानं खुर्चीत बसायचं असतं. पण व्यासपीठावर आठ खुर्च्या आहेत, आणि चांगुणाबाई तिथं सतरंजीच्या कडेला, खांबाला टेकून बसल्या आहेत. माझी खुर्ची मी रिकामी करतो आहे. गोरक्ष, जा, आईला घेऊन ये. त्या येईपर्यंत मी उभा राहणार. आबासाहेब, आपणही उठलात? उत्तम. मंडळी, तुम्हीही उठा.